चौथ्या आलेल्या घोडीचा हिवाळा

थंडी पडली की कुणाला हुरडा आठवतो, कुणाला गाजराचा हलवा. मला हँडिकॅप रेस आठवते. हे मी चारचौघांत सांगत नाही. बदलापूरच्या शिरगावात राहणारी, साठीला टेकलेली सीए बाई मी. लोक माझ्याकडे टॅक्सचे कागद घेऊन येतात आणि घोड्यांचं नाव काढलं तर पुढच्या वर्षी यायचे नाहीत. पण नोव्हेंबरात सकाळी बाल्कनीतली फरशी पायांना गार लागायला लागते, वर्तमानपत्रात खेळांच्या पानावर अगदी तळाशी, क्रिकेटने शिल्लक ठेवलेल्या जागेत, ‘उद्याच्या शर्यती’ची बारीक टायपातली चौकट येते आणि माझा चहा निवतो. त्यातला एकही घोडा आता माझ्या ओळखीचा नाही. तरी मी चष्मा लावून वाचते. कुणाच्या पाठीवर किती वजन, मागच्या वेळी कितवा आला, अंतर केवढं. पहिल्या आलेल्याकडे मी फारसं बघत नाही. नजर आपोआप चौथ्या-पाचव्याकडे जाते. ही सवय बाबांची.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. आम्ही स्टेशनच्या पूर्वेला, मध्यमवर्गीय म्हणावं अशा एका कॉलनीत राहायचो. तिथे बाकीच्या घरांतले पुरुष रविवारी भजनाला जायचे, नाटकाला जायचे, फार तर पत्ते कुटायचे. आमचे बाबा हिवाळ्यातल्या रविवारी महालक्ष्मीला जायचे, आणि देवीच्या नव्हे, रेसच्या मैदानाच्या. आई शेजारणींना नुसतं ‘महालक्ष्मीला गेलेत’ एवढंच सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं, त्यामुळे तिला पाप लागत नसे. शेजारणी मात्र म्हणायच्या, किती भाविक आहेत हो तुमचे मिस्टर.

बरोबर असायचे गोपशेठ. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्यांचा शाळेची दप्तरं शिवायचा छोटा कारखाना होता, पुढे दुकान, मागे चार मशीनं. हा माणूस रेसला जायचा तो जिंकायला. ज्या घोड्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, त्यावर गोपशेठ. बाबांचं उलटं. ते खेळायचे अगदी चहापाण्याइतकं, आणि बऱ्याचदा तेवढंही नाही. त्यांना हवा असायचा तो अजून न जिंकलेला, पण जिंकण्याच्या बेतात असलेला घोडा. सुधारणारा घोडा. तो सगळ्यांच्या आधी ओळखायचा, एवढाच त्यांचा षौक.

“अरे साईं,” गोपशेठ त्यांच्या सिंधी थाटात म्हणायचे, “तुमचा घोडा कधी पहिला येतच नाही! तुमको हारनेवालाच पसंद है.”

“जिंकलेला घोडा सगळ्या जगाने बघितलेला असतो, शेठ,” बाबा म्हणायचे. “त्यात मी आणखी काय बघणार?”

हँडिकॅप रेस म्हणजे काय हे मला बाबांनी पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं, म्हणजे पोळ्या मी लाटत होते आणि समजावत ते होते. सगळे घोडे जवळजवळ एकाच वेळी पोचावेत म्हणून जो चांगला पळतो त्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात. हरत गेला की थोडं थोडं उतरवतात. हे ठरवणारा माणूस म्हणजे हँडिकॅपर. तो बिचारा झालेल्या शर्यती बघून वजन ठरवतो, कारण त्याच्या हाती तेवढंच असतं. आणि बाबांचं सगळं घोडं इथेच पेंड खायचं. ते म्हणायचे, झालेली शर्यत नेहमी खरं सांगतेच असं नाही. कधी घोडा गर्दीत कोंडला गेलेला असतो, वाट मिळाली तेव्हा शर्यत संपलेली असते. कधी अंतरच कमी पडतं. काही घोडे तापायलाच वेळ घेतात, त्यांना लांबच्या शर्यतीत घातलं की वेगळेच दिसतात. कधी मोठ्या विश्रांतीनंतर पहिल्यांदाच पळतोय, अंग जड आहे. कधी वयच कोवळं आहे, हाडं अजून भरायचीत. “कितवा आला हे वाचायचं नाही, वसू,” ते सांगायचे, “का आला हे वाचायचं.”

त्यासाठी ते पॅडॉकच्या कठड्याशी तासन्‌तास उभे राहायचे. पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात ती जागा. कातडीवर चमक आहे का, चालताना मागचा पाय पुढच्याच्या खुणेपुढे पडतो का, कान कुठे आहेत, उगाच घाम फुटलाय का. घरी येऊन आम्हाला सांगायचे तेव्हा त्यांच्या अंगाला कारखान्याचा नव्हे, गवताचा आणि लिदीचा वास असायचा. आई त्यांना आधी न्हाणीघरात पिटाळायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा तो हिवाळा. मी सीएच्या शेवटच्या परीक्षेला तीनदा बसून तीनदा आपटले होते. आपटले म्हणजे कशी, तर प्रत्येक पेपरात पास आणि एकूण बेरजेत नापास. थोडक्यासाठी. धडधडीत नापास झालेल्याची लोक समजूत काढतात, थोडक्यात गेलेल्याला सल्ला देतात. जानेवारीत तिसरा निकाल आला आणि त्याच आठवड्यात पालेगावहून थोरले काका आले.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. बाबा शिकून कारखान्यात गेले, काका शेतीवर राहिले. घरातला शेवटचा शब्द त्यांचा, हे बाबांनी कधी मोडलं नव्हतं. ते ओसरीवर बसल्यासारखे आमच्या टू-रूमच्या सोफ्यावर मांडी घालून बसले आणि माझ्यासमोरच बोलले.

“आता बास झाला रं. पोर किती येळा बसवशील परीक्षेला? लोकं विचारतान. नेरळचा स्थळ चांगला हाय. हार्डवेअरचा दुकान हाय. त्यांना शिकलेली पोर पायजे, पन अजून शिकनारी नको.”

“दादा, एक परीक्षा आणखी. मे महिन्यातली,” बाबा म्हणाले.

“आनि नाय झाली तर?”

काकांनी आपला निकाल दिला. “बरा. मेची. ती नाय झाली तं मी सांगन ती तारीख. घोडामैदान जवलच हाय.”

त्या मुलाला मी कधी पाहिलं नाही, तो वाईट असेल असंही नाही. त्यांना दुकानाचे हिशेब लिहायला घरचं माणूस हवं होतं, हे मात्र उघड होतं. मला भीती वाटली ती अशी की मी आयुष्यभर थोडक्यात राहून गेलेली बाई होणार. कुणी विचारलं तर सांगायचं, हो, सीए करत होते मी. या वाक्यातला तो ‘होते’ मला रात्रंदिवस टोचत होता.

बाबांनी लगेच उपाय सुरू केला, आणि तो साफ चुकीचा. त्यांना वाटलं मेहनत कमी पडते. त्यांनी मला पहाटे चारला उठवायला सुरुवात केली. शनिवारी कल्याणचा एक क्लास लावला. मीही मुकाट्याने मान डोलावली. पाण्याची वेळ पाचची, तेव्हा चारला उठून तासभर अभ्यास, मग नळ, मग पिंपं, मग दोन धाकट्या भावांचे आणि बाबांचे डबे. आईला संधिवात होता. थंडीत तिची बोटं सुजून वळायची बंद व्हायची, म्हणून कणीक मी, धुणं मी. मग उल्हासनगरच्या सीए फर्ममध्ये नोकरी. संध्याकाळी भावांचं गणित. त्यातून मी अकाउंटवाली म्हटल्यावर सोसायटीचे हिशेब माझ्याकडे, शेजारच्या काकूंचे विम्याचे कागद माझ्याकडे, गणपतीची वर्गणीसुद्धा माझ्याकडे. मी कशालाच नाही म्हणायचं नव्हतं, कारण वाक्य ठरलेलं होतं: वसू करेल. आणि वसू करायची. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

एक दिवस फर्मने मला गोपशेठकडे माल मोजायला पाठवलं. नवी दप्तरं रचून ठेवली होती, रेक्झिनचा उग्र वास येत होता, आणि मी मोजता मोजता त्या ढिगावर डोकं टेकून झोपून गेले. जाग आली तेव्हा मशीनं बंद होती. गोपशेठनी कारागिरांना चहाला पाठवून दिलं होतं, माझ्यासाठी. त्याच आठवड्यात त्यांनी बाबांना गाठलं.

“साईं, लडकी को जरा हवा खिलाओ. नाहीतर आजारी पडेल. संडेला आपल्याबरोबर आणा.”

“रेसला?”

“मग काय देवळात? तिथे पण रांगच असते.”

आईने आकाशपाताळ एक केलं. पण तिला माझा चेहरा दिसत होता. शेवटी तिने मला तिची बदामी रंगाची साडी काढून दिली आणि म्हणाली, “कुणी विचारलं तर महालक्ष्मीला गेले होते म्हण.”

ते मैदान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काय वाटलं असेल? इतकं मोकळं हिरवं मुंबईत असू शकतं असं मी मानलंच नव्हतं. ऊन कोवळं होतं. टोप्या घातलेल्या बायका होत्या, शेंगदाणे विकणारे होते, कान खाजवत शर्यतीचं पुस्तक वाचणारे म्हातारे होते. बाबा तिथे वेगळेच दिसत होते. कारखान्यातला वाकलेला खांदा सरळ झाला होता. त्यांनी मला थेट पॅडॉकशी नेलं आणि एक तांबूस घोडी दाखवली. नाव ब्रास लँटर्न. आई तिला पितळी कंदील म्हणायची, कारण दोन महिने आमच्या घरात त्या घोडीखेरीज विषय नव्हता. पावसाळ्यात पुण्याला ती दोनदा जिंकली, त्यामुळे तिचं वजन चढलं, आणि मुंबईत आल्यापासून दर वेळी चौथी, पाचवी, चौथी. लोकांनी तिचं नाव टाकलं होतं. बाबांनी धरून ठेवलं होतं.

तिच्यावर खोगीर चढवत होते. आधी पाठीवर एक कापड टाकलं, त्याला दोन्ही बाजूंनी खिसे. खिसे खाली ओघळलेले.

“त्यात काय आहे?” मी विचारलं.

“शिसं. शिशाच्या पट्ट्या. तिला जेवढं वजन ठरवून दिलंय तेवढं जॉकीचं भरत नाही, पोरगा हलका आहे. मग बाकीचं शिशाने भरतात.”

“पण मग काय फरक? वजन ते वजन.”

“नाही,” बाबा उत्साहाने म्हणाले. हा त्यांचा आवडता भाग होता. “जॉकी घोड्याबरोबर हलतो. घोडा झेपावला की तोही झेपावतो, दम खाल्ला की तोही सैल होतो. ते जिवंत वजन. शिसं नुसतं बसून राहतं. मेलेलं वजन म्हणतात त्याला. घोड्याला तेच जास्त दमवतं.”

“आणि हे सगळं ती दोनदा जिंकली म्हणून?”

“हो.”

“म्हणजे चांगलं पळल्याची शिक्षाच की.”

मी खरंच सहज म्हटलं. मला घोडीची दया आली होती, बाकी माझ्या मनात काही नव्हतं. गोपशेठ खो खो हसले. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, चेहऱ्याकडे, मग माझ्या हातांकडे. थंडीने आणि साबणाच्या पाण्याने माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मग घोडे मैदानात गेले आणि आम्ही कठड्याशी धावलो.

ब्रास लँटर्न त्या दिवशीही चौथी आली. गोपशेठनी आपल्या लाडक्या घोड्याचं तिकीट फाडून हवेत उडवलं. मी हिरमुसले. बाबांनी विचारलं, “शेवटी बघितलंस का तिला?” मी बघितलं होतं. पुढचे तिघे शेवटच्या टप्प्यात ढेपाळत होते आणि ही मागून येत होती, कान टवकारून, एकेक पाऊल जवळ. अंतर संपलं म्हणून चौथी. “दमली नव्हती ती,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा आवाज ऐकून दचकून उठले. पाच वाजून गेले होते, गजर कुणीतरी वाजूच दिला नव्हता. मोरीत बाबा लुंगी खोचून पिंपं भरत होते. दोन्ही भाऊ डोळे चोळत बादल्या धरून उभे होते, त्यांच्या तोंडावर जगबुडीचे भाव.

“जा, झोप,” बाबा म्हणाले. “सहाला उठ आणि अभ्यासाला बस.”

आणि मग बाबांनी शिसं काढायला सुरुवात केली. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून आले, वसू मेपर्यंत मिळणार नाही, हिशेब तुमचे तुम्ही बघा. सेक्रेटरी आठवडाभर बाबांशी बोलला नाही. शेजारच्या काकूंचे विम्याचे कागद त्यांच्याच मुलाच्या हाती गेले. तो बँकेत होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कल्याणचा क्लास बंद. भावांचं गणित बंद. त्यातला एक त्या वर्षी पहिल्यांदा स्वतः अभ्यास करून पास झाला. स्वयंपाक बाबांनी स्वतःकडे घेतला. त्यांना पिठलं आणि खिचडी येत होती. आम्ही पिठलं आणि खिचडी खाल्ली, मग खिचडी आणि पिठलं. बाबांनी रविवारी रेसला जाणंही सोडलं, कारण रविवारी ते आठवड्याच्या भाज्या चिरून ठेवायचे, आणि त्यांना चिरायला दिवसभराच्या सगळ्या शर्यतींपेक्षा जास्त वेळ लागायचा.

आईला हे सगळं सोसेना. नवरा स्वयंपाकघरात, कॉलनी हसतेय, आणि आपण पलंगावर बसून बघायचं. एका दुपारी ती फुटली.

“कळतंय मला,” ती बाबांना म्हणाली. “तुमच्या त्या शिशाच्या गोष्टीतली शिशाची पट्टी मीच आहे. म्हणा की सरळ.”

बाबांच्या हातात कांदा होता. ते गडबडून गेले. “नाही गं,” ते म्हणाले. “तू... तू जॉकी आहेस.”

आईने आपले सुजलेले हात वर करून बघितले. “या हातांनी लगाम धरू?” ती म्हणाली, आणि आधी तीच हसली. मग रडली. मग मी.

तिच्या हातांना रोज संध्याकाळी कोमट तेल चोळायचं काम मी कुणाला दिलं नाही. तेवढं माझं होतं. तेल चोळता चोळता मी तिला दिवसभराचं वाचलेलं सांगायची, कंपनी कायदा, ऑडिट, काहीही. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण मी कुठे चाचरले की ती अचूक म्हणायची, “हे तुला नीट आलेलं नाही. परत सांग.” परत सांगताना मला कळायचं. त्या अर्ध्या तासाचा मला कधी शीण झाला नाही, उलट त्यानंतरच मी सगळ्यात चांगला अभ्यास करायचे.

आता इतक्या वर्षांनी माझ्या ऑफिसात घरंच्या घरं कागद घेऊन येतात आणि पाच मिनिटांत मला कळतं की या घरातलं वजन कुणाच्या पाठीवर आहे. पावत्या लावून आणणारी, नवऱ्याच्या सह्या कुठे राहिल्या ते सांगणारी, सासऱ्यांचं पेन्शनही तिनेच बघितलेलं, आणि सगळे तिच्याबद्दल कौतुकाने सांगतात, हिला सगळं जमतं हो. आपल्याकडे घराघरांत हँडिकॅपर बसलेला असतो. जो बरा पळतो त्याच्यावर चढव. त्याला वाईट म्हणता येत नाही. त्यालाही घरातली सगळी माणसं एकदम पोचवायची असतात. फक्त त्या बाईला कुणी विचारत नाही की यातलं जिवंत किती आणि मेलेलं किती. मी विचारते. फीमध्ये धरत नाही.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराची जत्रा भरते. पालेगावहून काका दरवर्षी दर्शनाला यायचे आणि मग आमच्याकडे उपासाचं खायला. त्या वर्षी ते दारात आले तेव्हा बाबा परातीत साबुदाणा मोकळा करत होते, कमरेला आईचा टॉवेल. काका चप्पल काढायचे थांबले.

“ह्यो काय परकार?”

“वसूचा अभ्यास आहे.”

“म्हनून तू रांधनार? घरात बाय मानूस असताना? गावात कलला तं तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायची. माज्या भावाला पोरीनं बाईल केला!”

मी आतल्या खोलीत पुस्तकावर बोट ठेवून बसले होते. मला वाटलं, संपलं. काकांचा शब्द बाबांनी आजवर मोडला नव्हता. बाबांनी हात पुसले, काकांना पाट दिला, पाणी दिलं. काका बसल्यावर शांतपणे विचारलं, “दादा, तुझा सर्जा शर्यतीला पळायचा तेव्हा त्याला कधी नांगराला जुंपलास?”

सर्जा हा काकांचा शर्यतीचा बैल. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण काकांच्या ओटीवर त्याची झूल अजून टांगलेली असायची.

“येडा हाय का तू?” काका म्हणाले. “शर्यतीच्या बैलाला कोन नांगराला जुंपतो? खांदा मरतो त्याचा. त्याला खुराक द्यायचा, अंग चोलायचा, बाकीचा काम दुसऱ्या बैलांनी करायचा.”

“मग?” बाबा म्हणाले.

एवढंच. मी दाराच्या फटीतून बघत होते. काकांनी पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला. माझ्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग साबुदाण्याच्या परातीकडे. खिचडी त्यांनी मुकाट्याने खाल्ली आणि जाताना फक्त म्हणाले की मीठ कमी झालंय. एप्रिल लागला तेव्हा पालेगावहून काकू आली, तांदळाची गोणी, सुकट आणि लोणच्याची बरणी घेऊन. “यांनी धाडलाय,” ती म्हणाली. “परीक्षा होईस्तवर ऱ्हा म्हनलं. भावजींचा रांधलेला खाऊन पोर मरंल, असा बोलले.”

काकू आली त्याच आठवड्यात एका सकाळी बाबा पेपर वाचता वाचता ओरडले. ब्रास लँटर्न जिंकली होती. हरत हरत वजन उतरलं होतं, अंतर लांबचं मिळालं होतं, आणि ती सगळ्यांना मागे टाकून पहिली आली. बाबा तिथे नव्हते. हिवाळाभर जिची वाट बघितली ती घोडी त्यांनी न बघताच जिंकली. मला फार वाईट वाटलं.

“तुम्ही जायला हवं होतं, बाबा.”

“बरोबर ओळखली होती ना मी? मग झालं तर,” बाबा म्हणाले आणि पेपराची घडी घालून भाजीची पिशवी घेऊन बाजारात गेले. जिना उतरताना शीळ घालत होते.

परीक्षेविषयी काय सांगू? मे महिन्याचा उकाडा होता, हाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून मी मनगटाखाली रुमाल ठेवला होता. एवढं मात्र आठवतं की शेवटच्या पेपरला, जिथे दर वेळी माझी पेन ओढण्याचीही ताकद संपलेली असायची, तिथे मला वेळ उरला आणि दमही. मी परत पहिल्यापासून तपासलं. एक अख्खी चूक सापडली आणि ती दुरुस्त केली.

निकाल जुलैत. फर्ममधले एक जण मुंबईला कामाला जाणार होते. ते बोर्ड बघून गोपशेठच्या दुकानात फोन करणार असं ठरलं. मी तिथे पोचले तर शाळा नुकत्या सुरू झाल्यामुळे दुकानात दप्तरांची झुंबड उडालेली, आणि त्या गर्दीत स्टुलावर काका बसलेले, छत्री मांडीवर आडवी. पालेगावहून ते मुद्दाम एकटे आले होते. बाबा उभे होते. गोपशेठ गिऱ्हाइकांना म्हणत होते, “रुको बाबा, फोन येणारे,” आणि गिऱ्हाइकंही बिचारी थांबली होती.

फोन वाजला. गोपशेठनी उचलून दोन वेळा हॅलो केलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी ऐकलं आणि ठेवला.

“झाले,” मी म्हटलं.

“एकूण बेरजेतही?” बाबांनी विचारलं.

“बेरजेतही.”

बाबा दप्तरांच्या ढिगावर खाली बसले. गोपशेठ मशीनवाल्यांना हाका मारत सुटले, एका अनोळखी गिऱ्हाइकाने मला शेकहँड केला. काका तेवढे तसेच बसून होते. “म्हंजे झाली ना? पुरी?” त्यांनी विचारलं. बाबांनी मान हलवली. “बरा झाला,” काका म्हणाले. “नेरळला मीच सांगतो, नाय म्हनून.”

घरी आईने काही विचारलं नाही, माझं तोंड बघून तिला कळलं. तिने दोन्ही वाकड्या हातांनी माझा चेहरा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काकू परीक्षेनंतरही राहिली होती, तिने साखर ठेवली हातावर. मग सगळे बसल्यावर काकांनी घसा खाकरला. आता आणखी एखादी तारीख निघते की काय, या धास्तीने मी बाबांकडे बघितलं.

“हां, बोल पोरी,” काका म्हणाले. “फुडं काय करायचा? आता तू सांगशील ता.”

सगळे माझ्याकडे बघत होते. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्या क्षणी मला कळलं की मला जगातली फक्त एक गोष्ट हवी आहे.

“मला झोपायचंय, काका,” मी म्हटलं.

त्या घरात भर दिवसा मी कधी झोपले नव्हते. उशीला डोकं टेकलं तेवढं आठवतं. जाग आली तेव्हा ऊन कलंडून भिंतीवर आलं होतं. बाहेर चपलांचे आवाज येत होते. बातमी कॉलनीत पसरली असणार. सोसायटीचा सेक्रेटरी आला होता, शेजारच्या काकू आल्या होत्या, आणखी कोण कोण. मी किलकिल्या डोळ्यांनी दाराच्या फटीतून बघितलं. उंबऱ्यात काका आडवे पाय पसरून बसले होते, मांडीवर पेढ्यांचा पुडा. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होते आणि पाय मात्र आत घेत नव्हते.

“पोर झोपलीय,” ते त्यांच्या मते अगदी हळू आवाजात सांगत होते. “काय काम असंल ता मला सांगा. नाय तं उद्या या.”

मी कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.